मांजर कोणी केलं?

लग्न होऊन सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात सूनबाईच्या लक्षात आलं, की या घरात भांडी घासणं हे काम नाही, शिक्षा आहे. आणि ती शिक्षा बहुतेक दिवस आपल्याच वाट्याला येणार, हेही तिला कळून चुकलं.

त्याचं असं होतं. किल्लीवाल्यांच्या घरात एक पद्धत होती. रोज प्रत्येकाने बाहेरच्या कोणाचं तरी एखादं छोटंसं काम करून टाकायचं, पण ज्याचं केलं त्याला पत्ता लागू द्यायचा नाही. मांजरपावलांनी जायचं, करायचं आणि यायचं. म्हणून त्याला घरात नावच पडलं होतं 'मांजर'. संध्याकाळी जेवायला बसलं की सासरे विचारायचे, "काय मंडळी, मांजर झालं का?" आणि एकेक जण म्हणायचा, "झालं." काय केलं, कोणाचं केलं, हे घरातसुद्धा सांगायचं नाही. कोणी संशय घेऊन विचारलंच, तर चेहऱ्यावरची रेष न हलवता म्हणायचं, "मी? छे!" आणि रंगेहाथ सापडलात, तर त्या दिवशीची सगळी भांडी तुमची.

घरातली बाकीची माणसं या कामात चांगलीच मुरलेली होती. सासऱ्यांचं चौकात कुलपांचं आणि किल्ल्यांचं दुकान, त्यामुळे आवाज न करता वावरणं त्यांच्या हाताच्या सवयीचं. सासूबाई शहराच्या बसवर ड्रायव्हर. आरशातून मागचं सगळं बघायचं आणि बघितल्यासारखं दाखवायचं नाही, यात त्यांचा हात कोणी धरणारं नव्हतं. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, आणि दिवसभर घासून घासून इतका शांत झाला होता, की खोलीत आला तरी कळायचं नाही. नणंदेला सगळे चिमणी म्हणायचे, कारण तिचं तोंड झोपेतही बंद नसायचं. पण मांजराच्या बाबतीत तीही ब्र काढत नसे.

आणि सूनबाई? तिच्या माहेरी कोणी कोणाला पेलाभर पाणी दिलं, तरी गल्लीभर दवंडी पिटली जायची. तिचे वडील मनाने मोठे, पण शेजाऱ्याला शिडी दिली की तिची गोष्ट वर्षभर पुरवून पुरवून सांगणारे. अशा घरातून आलेल्या मुलीला गुपचूप काही करणं कसं जमावं? पहिल्या दिवशी ती समोरच्या बाईंची पिशवी दारात ठेवायला गेली, तर नेमकं दार उघडलं. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरचं पायपुसणं झटकताना तिला इतक्या शिंका आल्या, की अख्खी इमारत बाहेर आली. भांडी, भांडी आणि भांडी. तयार कपड्यांच्या दुकानात ती कपडे दुरुस्त करायची, कोणाची पँट आखूड कर, कोणाचा ब्लाउज सैल कर. दिवसभर सुई आणि संध्याकाळी घासणी.

तरी तिला राग यायचा नाही. उलट ही माणसं बघून तिचा ऊर भरून यायचा. एकदा तिने सासूबाईंना विचारलंच, "आई, हे सगळं लपून कशाला? सांगून केलं तर काय बिघडतं?"

सासूबाई तेव्हा पायाला तेल चोळत बसल्या होत्या. म्हणाल्या, "मी बसवर नवी होते ना, तेव्हाची गोष्ट. त्या सीटने माझी कंबर पार मोडायची. एक दिवस सकाळी येऊन बघते, तर सीटवर उशी. कोणी शिवून ठेवली होती, चांगली जाड. मी सगळ्यांना विचारलं, डेपोत विचारलं, रोजच्या प्रवाशांना विचारलं. कोणी कबूल होईना. कळलं असतं ना, तर त्या एकाचे आभार मानले असते आणि मोकळी झाले असते. कळलं नाही, म्हणून वर्षभर बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाकडे बघताना वाटायचं, ही असेल का? हा असेल का? सगळ्यांशी नीट वागावं लागलं गं मला!"

आणि त्या खळखळून हसल्या. उशी अजून त्यांच्या सीटवर आहे, फक्त अभ्रा बदललाय. सूनबाईला वाटलं, नशीब काढलं आपण. असल्या घरात निदान एक तरी मांजर आपल्या हातून धड व्हायला हवं.

ते झालं, पण त्याआधी कंपाउंडरकाकांविषयी सांगायला हवं.

हे काका खालच्या मजल्यावर एकटे राहायचे. बायको जाऊन काही वर्षं झालेली, मूलबाळ नाही, दुसऱ्या गावी एक पुतणी. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात ते इतकी वर्षं काउंटरवर उभे होते, की दुकानाचा मालक बदलला, पाटी बदलली, पण गिऱ्हाईक म्हणायचं, "काका आहेत ना? मग थांबतो." औषध देताना त्यांची एक पद्धत होती. चिठ्ठीवरचं नाव मोठ्याने वाचायचं, गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव मोठ्याने वाचायचं, आणि मगच ते पाकीट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. घाईच्या माणसाला वैताग यायचा. पण इतक्या वर्षांत काकांच्या हातून चुकीची गोळी गेली, असं कोणी म्हणू शकत नव्हतं, आणि आपल्याला तेवढी एकच गोष्ट नीट येते, असं काका म्हणायचे.

माणूस स्वाभिमानी, म्हणजे अगदी डोक्याला ताप होईल इतका. थंडीत ते आजारी पडले, तेव्हा सासूबाई सूप घेऊन गेल्या, तर दारातूनच म्हणाले, "आभारी आहे, पण मी अजून चालता-बोलता आहे." सासऱ्यांनी पिशवी उचलायला हात पुढे केला, तर पिशवी दुसऱ्या हातात. आता असा माणूस, आणि रोज त्याच्या दारावरून चढ-उतार करणारं असं घर. उघड मदत घेत नाही म्हटल्यावर काय होणार, ते कोणीही सांगेल. मला विचाराल तर या घराला असा शेजारी मिळणं म्हणजे खरोखरीच्या मांजराला उघडी दुधाची पातेली मिळण्यासारखं होतं.

सूनबाईचं मांजर झालं ते गच्चीवर. कपडे काढायला ती वर गेली, तर दोरीवर काकांचा पांढरा कोट वाळत होता, दुकानात घालायचा. मधलं एक बटण गायब. सुई-दोरा तिच्याजवळ कायमचाच. ओढणीआड कोट धरून तिने उभ्या उभ्या बटण लावलं, आणि तेही कारागिराच्या हाताने. बटणाखाली दोऱ्याचे वेढे देऊन त्याला नीट मान दिली, म्हणजे जाड कापडातही बटण ताणलं जात नाही. मग खाली आली आणि जिन्यात काका समोर!

दोन दिवसांनी काकांनी तिला थांबवलं. "सूनबाई, माझ्या कोटाला बटण तुम्ही लावलंत का हो?"

 तिने चेहरा असा ठेवला, की सासूबाईंनी पाहिला असता तर पाठ थोपटली असती. "मी? छे, काका!"

काकांनी नुसतं "बरं" म्हटलं आणि ते जिना उतरून गेले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, पण सूनबाईला तेव्हा कुठलं दिसतंय? ती हवेत होती. संध्याकाळी सासऱ्यांनी विचारताच ती म्हणाली, "झालं! आणि पकडलं नाही!" चिमणीने ताट वाजवलं, नवऱ्याने गालातल्या गालात हसून तिच्या वाटणीची भांडी उचलली, आणि सासरे म्हणाले, "आता खरी घरची झालीस." त्या वाक्यावर ती पुढे कितीतरी दिवस जगली.

मग एकदा सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या म्हणून ती दुकानात गेली. काकांनी चिठ्ठी वाचली. पाकीट काढलं, वाचलं. पुन्हा चिठ्ठी वाचली. पाकीट पुढे केलं आणि मागे घेतलं. मग आत हाक मारली, "मालक, जरा येता का? एवढं बघून द्या."

तरुण मालक आला, एक नजर टाकून म्हणाला, "बरोबर आहे की, काका." आणि तिच्याकडे बघून हळूच खांदे उडवले.   गर्दी नव्हती, म्हणून ती तिथेच थांबली, आणि काका बाहेरच्या बाकावर येऊन बसले, तेव्हा शेजारी बसली.

"बरं नाही का, काका?"

"शरीर ठीक आहे." काका रस्त्याकडे बघत म्हणाले, "डोकंच जायला लागलंय, पोरी."

त्यांनी तिला 'पोरी' कधी म्हटलं नव्हतं.

"कचऱ्याची पिशवी बांधून दारात ठेवतो, चप्पल घालून नेऊ म्हणतो, तर पिशवी नाही. म्हणजे मीच टाकून आलो, आणि आठवत नाही. कुंड्यांना पाणी घालायला जातो, तर माती ओली. मीच घातलं असणार. इतकं घातलं, इतकं घातलं, की झाडं पिवळी पडली. सायकलच्या चाकात हवा नव्हती, मला पक्कं आठवतंय, सकाळी बघतो तर टणक. कोटाला बटण लावलं, तेही माझ्याच्याने लागणार नाही इतकं चांगलं! स्वतःच्या हाताची कामं मला आठवेनात."

"पण काका, दुसऱ्या कोणी..."

"विचारलं ना! मी काय वेडा आहे? म्हणजे, आहेच बहुतेक." काका हसले, पण ते हसणं बघवत नव्हतं. "तुमच्या सासऱ्यांना विचारलं, समोरासमोर. म्हणाले, मी नाही. सासूबाईंना विचारलं, मुलाला, मुलीला, तुम्हालाही. अहो, अख्ख्या इमारतीत विश्वास ठेवावा असं एकच घर. तुम्ही माणसं खोटं बोलाल होय? मग राहिलं कोण? मी!"

सूनबाईची नजर त्यांच्या कोटाच्या मधल्या बटणावर गेली.

"पाणी घातलेलं ज्याला आठवत नाही, त्याने लोकांना गोळ्या द्याव्यात का?" काका शांतपणे म्हणाले. "अजून चूक झालेली नाही. व्हायच्या आत बाजूला होतोय. मालकांना सांगितलंय, महिनाअखेरपर्यंतच. रविवारी पुतणी येतेय न्यायला. तिच्याकडे एक छोटी खोली आहे, मागच्या बाजूला. घर भाड्याने देऊन टाकू."

तिला वाटलं, इथेच सांगून टाकावं. बटण माझं, काका! पण बटण तेवढंच तिचं होतं, बाकीचं कोणाचं हे तिला कुठे ठाऊक होतं? आणि एकटीने सांगितलं असतं, तर काका काय म्हणाले असते, तेही तिला आत्ताच ऐकू येत होतं. म्हणाले असते, माझी कीव करू नकोस, पोरी. इतक्यात गिऱ्हाईक आलं आणि काका उठले. आत जाताना त्यांनी दाराची चौकट धरली, इतकी वर्षं ज्या दारातून ते तरातरा जायचे त्याच दाराची. ते बघून तिला रडू कोसळलं.

संध्याकाळी ताटं वाढून झाली. सासऱ्यांनी नेहमीसारखं विचारलं, "काय मंडळी, मांजर झालं का?"

"बाबा," सूनबाई म्हणाली, "आज सांगायचं. काय केलं, कोणाचं केलं, सगळं सांगायचं. महिनाभराचं."

चिमणीचा घास हातातच राहिला. नवऱ्याने मान वर केली. या घरात भांडणं होत, रुसवे होत, पण हा नियम कोणी मोडला नव्हता. आणि तो मोडणारी कोण, तर कालपरवा घरची झालेली सून. तिच्या मनात आलं, गेलं आता सगळं. पण तिने काकांचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "बटण मी लावलं. मला विचारलं, आणि मी नाही म्हटलं."

 मग चिमणी पुटपुटली, "कुंड्यांना पाणी मी घालते. कॉलेजला जाताना."

"तू घालतेस?" सासूबाई म्हणाल्या. "मी पहाटे ड्यूटीवर निघताना घालते!"

नवरा खाकरला. "मी दुकानातून आल्यावर."

एरवी असतं तर हसून हसून पोटं दुखली असती. तिघं जण एकाच झाडाला पाणी पाजतायत, आणि पाणी पाजून पाजून त्याचा जीव घेतायत! पण कोणी हसलं नाही. सायकलची हवा नवऱ्याचीच होती. वाळलेले कपडे घडी करून दारात ठेवणं सासूबाईंचं. राहिला कचरा. सगळ्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. ते ताटाकडे बघत होते.

"त्याने मला जिन्यात थांबवलं," सासरे म्हणाले. "म्हणाला, किल्लीवाले, खरं सांगा, पिशवी तुम्ही नेलीत का? मी त्याच्या डोळ्यात डोळे घालून म्हटलं, छे हो. आणि वर येऊन खूश झालो, की पकडला गेलो नाही." त्यांनी ताट बाजूला सारलं. "त्याने खरं सांगा म्हटलं होतं गं. तो विनवत होता मला."

सासूबाई उठल्या. हात धुतले, पदराला पुसले. "चला," म्हणाल्या, "सगळे चला. जेवण कुठे पळून जात नाही."

अशी ती वरात खाली उतरली, पुढे सासूबाई, मागे सासरे, मग मुलगा, मुलगी, आणि शेवटी सूनबाई. बेल कोणी वाजवायची यावर थोडी ढकलाढकली झाली. इतके दिवस ज्या दाराशी सगळे चोरपावलांनी येत होते, त्याची बेल कशी वाजते हे कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी सासूबाईंनी ती वाजवली, आणि बसचा भोंगा दाबावा तशी दाबूनच धरली.

काकांनी दार उघडलं. आत अर्धवट बांधलेली खोकी दिसत होती. "काय झालं? कोणाला बरं नाही का?"

"काका, तुम्हाला काही झालेलं नाही," सूनबाई एका दमात म्हणाली. "सगळं आम्ही केलंय."

मग जिन्यातच उभं राहून एकेकाने कबुली दिली. कचरा मी. हवा मी. पाणी मी, आणि मी, आणि मीही. मांजर म्हणजे काय, तेही सांगून झालं. काका एका हाताने दार धरून ऐकत होते. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला.

"मी तुम्हाला विचारलं होतं," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, तरी सगळ्यांच्या माना खाली गेल्या. "एकेकाला विचारलं होतं. रात्र रात्र झोपलो नाही मी. झोपायच्या आधी गॅस बंद केलाय हे स्वतःला मोठ्याने सांगायचो, पाकिटावरचं नाव वाचतात तसं. आणि तुम्ही खेळ खेळत होतात?"

"चुकलं," सासरे म्हणाले. "भलं करायला गेलो, आणि... चुकलं, काका. त्याला दुसरा शब्द नाही."

काकांनी एकेकाचा चेहरा निरखून पाहिला. त्यांच्या मनात काय चाललं होतं, ते सूनबाईला अगदी स्वच्छ दिसत होतं. त्यांना विश्वास ठेवावासा वाटत होता, आणि भीती वाटत होती. ही चांगली माणसं आहेत, माझी दया येऊन पढवून आली असतील तर? मग ते हळू आवाजात, थोडंसं चोरट्यासारखं म्हणाले, "आणि माझा चष्मा? मागच्या आठवड्यात फ्रिजमध्ये सापडला. अंड्यांच्या कप्प्यात. तो कोणी ठेवला?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. नवऱ्याने हळूच मान हलवली. चिमणीने ओठ चावला. सासूबाईंनी सासऱ्यांकडे बघितलं.

काकांची जादा किल्ली दुकानात, सासऱ्यांच्या खिळ्याला टांगलेली असायची. अडीनडीला म्हणून काकांनी स्वतःच दिली होती. म्हणजे आत शिरता येणारा माणूस एकच. सासऱ्यांनी काकांच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे इतकी आशा होती, की दगडालाही पाझर फुटावा. त्यांनी तोंड उघडलं. "तो, काका, तो मीच..."

"बाबा," सूनबाई म्हणाली.

एवढंच म्हणाली. सासऱ्यांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण तिने नजर हलवली नाही. तिला माहीत होतं आपण काय करतोय. एका म्हाताऱ्या माणसाचा शेवटचा आधार काढून घेतोय, असंच दिसत होतं ते.

सासऱ्यांनी खांदे खाली सोडले. "नाही, काका," ते म्हणाले. "चष्मा आम्ही नाही. तुमची किल्ली खिळ्यावरून हललेली नाही. चष्मा तुमचा तुम्हीच ठेवला असणार."

 काका खाली बघत होते. त्यांचे खांदे हलू लागले, आणि सूनबाईला वाटलं, रडतायत. त्यांनी मान वर केली तेव्हा ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते चक्क हसत होते.

"म्हणजे तो एक माझा," ते म्हणाले. "चष्मा ना? अहो, बायको होती तेव्हा तो पिठाच्या डब्यात सापडायचा! तिशीत होतो मी. ती म्हणायची, डोळे कुठेही ठेवशील, पण गोळी चुकणार नाहीस." त्यांनी बाहीने डोळे पुसले. "किल्लीवाले, चष्माही मीच ठेवला म्हणाला असतात ना, तर बाकीच्यातलं काही मी खरं धरलं नसतं. म्हटलं असतं, भली माणसं आहेत, मला फसवतायत. आता धरतो. सगळं खरं धरतो."

सासऱ्यांचा जीव भांड्यात पडला. सासूबाई तर तिथेच पायरीवर बसल्या, आणि म्हणाल्या, "काका, जेवलात का?" काका सवयीने म्हणाले, "आभारी आहे, पण..." आणि थांबले. मग म्हणाले, "नाही जेवलो. काय केलंय?"

पुढचं थोडक्यात सांगतो. रविवारी पुतणी आली, काकांच्या हातचं जेवली, आणि खोकी रिकामी करायला मदत करून एकटीच परत गेली. काका डॉक्टरकडे मात्र गेले, कारण माणूस चोख. सूनबाई बरोबर गेली, उघडपणे, हातात पिशवी धरून. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम, चष्म्याला दोरी लावा. दुकानाच्या मालकाने तर महिनाअखेर आलीच नाही असं धरलं. झाडांपैकी एक गेलं, बाकीची वाचली. त्यांना आता काका एकटेच पाणी घालतात, आणि तिकडे कोणी फिरकलं तर डोळे वटारतात.

घरातला मांजराचा नियम राहिला, फक्त सासूबाईंनी त्याला एक शेपूट जोडलं. करायचं गुपचूप, पण ज्याचं केलं त्याने विचारलं, तर खरं सांगायचं. चिमणीने विचारलं, "मग रोज पकडले जाऊ, त्याचं काय?" सासूबाई म्हणाल्या, "भांडी घासू. हात झिजतात थोडेच!"

आता या घराच्या स्वतःच्या दाराविषयी एक सांगायचं राहिलं. अख्ख्या शहराची कुलपं उघडणाऱ्या माणसाच्या दाराची कडी कायम अडकायची. वर ढकला, खांदा लावा, दोन शिव्या घाला, मग सरकायची. सासूबाईंनी लग्नापासून तगादा लावला होता, आणि सासरे लग्नापासून म्हणत होते, "उद्या बघतो." एका संध्याकाळी ते दुकानातून आले, सवयीने खांदा लावला, आणि थेट घरात जाऊन आपटले. कडी लोण्यासारखी सरकली होती.

"कोणी केलं?" त्यांनी विचारलं. नव्या नियमाप्रमाणे सगळ्यांना खरं सांगणं भाग होतं. सासूबाई म्हणाल्या, मी नाही. मुलगा नाही म्हणाला, मुलगी नाही म्हणाली, सूनबाई नाही म्हणाली. सासरे कडी पुढे-मागे करत राहिले. तेल आपल्याच दुकानातल्यासारखं दिसत होतं. "मीच घातलं की काय?" ते स्वतःशीच म्हणाले. "रविवारी हातात बाटली होती खरी." त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग ते खाली गेले. सूनबाई कठड्याशी उभी राहून ऐकू लागली.

"काका, आमच्या कडीला तेल तुम्ही घातलंत का?"

"मी? छे हो, किल्लीवाले!"

सासरे परत फिरले. इतक्या सावकाश जिना चढताना तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. एकेका पायरीवर थांबत होते आणि स्वतःच्या हातांकडे बघत होते. मधल्या वळणावर ते पोहोचले, तेव्हा खालून हाक आली.

"किल्लीवाले! मीच घातलं." काका दारात उभे होते. "कसा वाटला जिना?"

सासरे वळणावरच बसले.  मग म्हणाले, "लांब वाटला, काका. फार लांब वाटला."

"हो ना," काका म्हणाले. "मला महिनाभर चढावा लागला."

 मग काकांनी दार ओढून घेतलं, बाह्या वर सारल्या आणि जिना चढू लागले. सासऱ्यांजवळ आल्यावर हात पुढे केला, सासऱ्यांनी तो धरला आणि उठले.

वर आल्यावर काकांनी सूनबाईला विचारलं, "घासणी कुठे असते? पकडला गेलोय ना मी."

तिने मोरीपाशी आपली नेहमीची जागा त्यांना करून दिली, आणि बाजूला उभी राहून भांडी पुसायला घेतली.